फुफ्फुसाची खरी अडचण श्वास सोडण्याची

शाळेच्या पुस्तकात फुफ्फुसातले वायुकोश द्राक्षाच्या घडासारखे काढलेले असतात. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पोराला ते चित्र एका नजरेत कळतं, त्यामुळे आपल्याकडचे मास्तर त्यावर खूश. पण घडातला मणी सुटा असतो. शेजारच्या मण्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. दोन शेजारी वायुकोशांमध्ये मात्र भिंत एकच असते, दोघांची सामाईक. ही भिंत ध्यानात घेतली नाही, तर म्हाताऱ्या माणसाला धाप का लागते ते नीट उलगडत नाही.

श्वासनळी छातीत उतरून दुभंगते, तिच्या फांद्या पुन्हा दुभंगतात, असं सुमारे 23 वेळा. शेवटाला तीस-चाळीस कोटी वायुकोश. सगळे उलगडून पसरले तर अंदाजे 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तांबडी पेशी तिथल्या केशवाहिनीतून जेमतेम पाऊण सेकंदात निघून जाते, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला एक तृतीयांश वेळही पुरतो.

त्या सामाईक भिंतींत लवचिक तंतू असतात. प्रत्येक वायुकोश शेजाऱ्याला ओढून धरतो, आणि ही ओढ बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचते. मोठ्या नळ्यांना कूर्चेच्या कड्या असतात, बारीक नलिकांना तसला काही आधार नाही. चहूबाजूंच्या भिंतींनी ताणून धरलं म्हणूनच त्या उघड्या राहतात.

फुगण्यासाठी फुफ्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीतला दाब घटतो आणि हवा आत शिरते. ही झाली मेहनत. बाहेर सोडणं एरवी फुकटात होतं : ताणलेले तंतू आपसूक आखडतात आणि हवा निघून जाते. बसल्या जागी एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा येते, त्यातली 150 तर नळ्यांतच अडकून राहते. सगळा जोर लावून श्वास सोडला तरी निरोगी माणसाच्या फुफ्फुसात लिटरभराहून जास्त हवा शिल्लक असतेच.

साल्हेरचा किल्ला चढताना लागणारा दम वेगळा. 1567 मीटरवर हवा विरळ असते म्हणून धाप लागते, असं बरेच जण सांगतात. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन तेवढ्या उंचीवर फारसा घटत नाही. मांड्यांचे स्नायू राबतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासकेंद्र वेग वाढवतं. हे केंद्र एरवी ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडकडेच जास्त लक्ष देतं. पाच-दहा मिनिटं टेकलं की दम ओसरतो.

सीओपीडी या आजारात तो असा ओसरून संपत नाही, वर्षागणिक वाढत जातो. धुरामुळे वर्षानुवर्षं सूज राहते, नलिका जाड होतात, कफ साठतो आणि सामाईक भिंती विरघळत जातात. दोन वायुकोशांचा एक मोठा, ढिला कोश होतो. ओढून धरणारं कुणी उरलं नाही की श्वास सोडताना बारीक नलिका मिटतात आणि हवा मागे कोंडते. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, श्वास आतच जात नाही.’ ते खरंही असतं, पण आत जागाच नसते, कारण आधीची हवा बाहेर पडलेली नसते. अशा माणसाची छाती पिंपासारखी फुगलेली दिसते ती त्यामुळेच.

बिडी-सिगारेट हे मुख्य कारण. पण जन्मात बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो, आणि त्यामागे चूल असते. गॅस घरोघरी आला तरी मळ्यातल्या वस्तीवर आंघोळीचं पाणी अजून बंबात किंवा चुलीवर तापतं, जळण म्हणून छाटणीच्या काड्या असतात. स्वयंपाक गॅसवर होतो म्हणजे धूर संपला, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. विरघळलेल्या भिंती परत उभ्या राहत नाहीत. धूर थांबवला तर पुढची पडझड मंदावते.

दम्यात भिंती शाबूत असतात, बिघाड नलिकांचा असतो. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ धरतो. इथेही हाल श्वास सोडतानाच जास्त, छातीतली शिट्टी तेव्हाच ऐकू येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरल्याची बातमी आली की निफाडपासून नाशिक शहरापर्यंत दमेकऱ्यांची पहाट अवघड जाते. थंड कोरडी हवा नलिका आवळते, आणि थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नसल्याने शेकोट्यांचा धूर नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो.

तोंडाने औषध ओढायच्या पंपाबद्दलची भीती मात्र अनाठायी. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक गोळी मागतात. आवळलेल्या नलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाचा एक झटका 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरवते. पंपातलं औषध थेट नळीवर पडतं. दुसरा पंप असतो सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा. तो रोज घ्यायचा असतो, आणि बरं वाटलं की नेमका तोच बंद केला जातो.

न्यूमोनियाची गोष्ट निराळी : वायुकोशांत हवेऐवजी पू-पाणी भरतं. दगडाची भुकटी वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, फुफ्फुस राठ होतं आणि फुगतच नाही. तिथे अडचण खरोखरच श्वास आत घेण्याची असते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 साली जगापुढे ठेवला, औषधं आली, तरी आजार अजून आपल्यात आहेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

धाप नेमकी कशाची, हे बऱ्याचदा फुंकून कळतं. लंडनच्या जॉन हचिन्सनने 1846 मध्ये आपल्या स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. आजचं यंत्र छोटं आहे, पण पाहायचं तेच : छाती पूर्ण भरून जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजायचं. निरोगी माणूस एकूण फुंकलेल्या हवेपैकी साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच काढतो. मग पंप देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा चांगला सुधारला तर दम्याकडे बोट जातं, पंपानंतरही पहिल्या सेकंदातला वाटा 70 टक्क्यांच्या खालीच राहिला तर सीओपीडीकडे. साध्या छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही आजार सुरुवातीला दिसत नाहीत, तरी आपल्याकडे धाप लागली की आधी फोटोच काढला जातो.