रिट्रॅक्ट झालेला पेपर गायब होत नाही

"जर्नलने रिसर्च मागे घेतला, म्हणजे सत्य दाबलं" असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नसतं हो. रिट्रॅक्ट झालेला, म्हणजे मागे घेतलेला, पेपर (शोधनिबंध) सहसा साइटवरच राहतो, फक्त पीडीएफवर 'रिट्रॅक्टेड' असा ठळक शिक्का येतो आणि सोबत वेगळी नोटीस लागते, त्यात कारण असतं, कधी बनावट डेटा, कधी फोटोत फेरफार, तर कधी लेखकांनाच हिशोबातली चूक सापडली म्हणून त्यांनी स्वतःहून मागे घेतलेला (याला फ्रॉड म्हणणं अन्यायच). छोटी चूक असेल तर नुसतं करेक्शन निघतं. पेपर पूर्ण काढून टाकणं क्वचितच, म्हणजे पेशंटची ओळख उघड झाली वगैरे. चेक करायचं तर पेपरचा डीओआय नंबर (प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) सर्च करा, थेट जर्नलच्या पानावर जा आणि ती नोटीस वाचा, काही नोटिसा फारच त्रोटक असतात, तिथे एडिटरला मेल करून कारण विचारता येतं.