केऑस आणि कॉसमॉस

केऑस आणि कॉसमॉस : प्राचीन ग्रीक विश्वविचारातील दोन संज्ञा. अनागोंदी आणि सुव्यवस्था अशी त्यांची विरोधी जोडी आज रूढ आहे. प्रारंभीच्या ग्रीक वाङ्मयात मात्र ती आढळत नाही.

ग्रीक कवी हेसिअडच्या थिऑगनी या काव्यात (सु. इ. स. पू. ७००) सर्वांआधी केऑस ‘झाले’, मग पृथ्वी, असा क्रम येतो (ओळ ११६). म्हणजे केऑसही अनादी नव्हे. ‘आ वासणे’ या अर्थाच्या धातूशी बहुतेक अभ्यासक हा शब्द जोडतात. त्यावरून ‘पोकळी’, ‘विवर’ हा मूळ अर्थ ठरतो. ही पोकळी कोठली, हा वाद जुना आहे. एफ. एम. कॉर्नफर्ड यांच्या मते ती पृथ्वी व आकाश विलग होताना पडलेली फट, एम. एल. वेस्ट ती पृथ्वीखाली मानतात. आकाश पृथ्वीपासून पुढे जन्मते आणि पराभूत टायटन (देवांची जुनी पिढी) केऑसपलीकडे राहतात (ओळ ८१४), हे पाहता वेस्ट यांचे मत अधिक जुळते. स्टोइक तत्त्वज्ञ झीनोने ‘ओतणे’ या क्रियापदावरून केऑस म्हणजे पाणी, असे सांगितले. ही व्युत्पत्ती आता ग्राह्य धरली जात नाही.

कॉसमॉस होमरच्या काव्यांत नीट मांडणी आणि दागिना या दोन्ही अर्थांनी येतो. क्रीट बेटावरील नगरराज्यांत तर ते एका अधिकारपदाचे नाव होते. विश्वाला हा शब्द प्रथम पायथागोरसने लावला, असे उत्तरकालीन लेखक म्हणतात. त्यावर फार विसंबता येत नाही. तत्त्वज्ञ हेराक्लायटसच्या (सु. इ. स. पू. ५००) एका वचनात कॉसमॉस कोणा देवाने वा माणसाने घडवला नसून तो चिरंतन अग्नी आहे, असे म्हटले आहे; तेथे ‘विश्व’ की ‘विश्वाची रचना’, हे ठरविणे कठीण. प्लेटोच्या गॉर्जिअस संवादात कॉसमॉसच्या विरुद्ध केऑस नव्हे, तर ‘अकॉस्मिया’ (अव्यवस्था) हा शब्द आहे.

केऑसला घडण नसलेल्या गोळ्याचे रूप ठळकपणे दिले ते रोमन कवी ऑव्हिडने (मेटॅमॉर्फसिस, सु. इ. स. ८). यूरोपीय भाषांतील पुढचा अर्थ बव्हंशी तेथून आला.

वैदिक ‘ऋत’ (विश्वनियम) कॉसमॉसशी ताडून पाहिले जाते. मात्र त्याचा विरोधी शब्द ‘अनृत’ म्हणजे प्रामुख्याने असत्य, अनागोंदी नव्हे. गणितातील केऑस ही संज्ञा गणितज्ञ ली आणि यॉर्क यांच्या १९७५ च्या लेखापासून रुळली. तीत नियमांचा अभाव अभिप्रेत नसून, नियमबद्ध प्रणालीची आरंभस्थितीतील सूक्ष्म फरकांबाबतची संवेदनशीलता अभिप्रेत असते.