तार एकीकडे, सीमा दुसरीकडे: आखेलच्या सायकलवाटेची पार्श्वभूमी

हॉलंडमधल्या आइंडहोवनहून दक्षिणेला व्हाल्केन्सवार्ड, मग लेंडरबॉसचं जंगल, ग्रोटे हाइडचा माळ आणि शेवटी बेल्जियमच्या हद्दीला टेकलेला आखेलचा मठ. हा सायकल रूट आता इथल्या मराठी मंडळींच्याही वीकेंडच्या सवयीचा झालाय. ऑगस्ट संपता संपता हेदर, म्हणजे जांभळ्या फुलांचं खुरटं झुडूप, फुलतं, सगळा माळ जांभळा होतो, आणि मग ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो येतात, एक हेदरचे आणि दुसरे मठाजवळ पुन्हा उभ्या केलेल्या तारेच्या कुंपणाचे. दुसऱ्या फोटोखाली हमखास लिहिलेलं असतं 'पहिल्या महायुद्धातलं बॉर्डरवरचं कुंपण'. घोळ नेमका तिथेच आहे.

आधी माळाबद्दल थोडं. लेंडरबॉस म्हटलं की आपल्याला हसू येतं, पण गंमत म्हणजे हा माळ खरंच लेंड्यांच्या अर्थकारणावर उभा होता. शेतकरी माळावरची हेदर मुळांसकट, मातीच्या थरासह सोलून न्यायचे, ती मेंढ्यांच्या गोठ्यात अंथरायचे आणि लेंड्या मुरल्या की तेच खत शेतात. शतकानुशतकं असं सोलून सोलून जमीन इतकी गरीब झाली की हेदरशिवाय तिथे काही तगेना. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून लाईक करतो तो माणसाने केलेला आहे. पाइनही लावलेलाच, कारण कोळशाच्या खाणीत टेकू द्यायला सरळ खोडं लागायची. आणि हॉलंड-बेल्जियमची सीमा तरी काय, १८३९ च्या करारानंतर १८४३ मध्ये आखली गेली, पण लोकांची शेतं, चर्च, सोयरिकी दोन्हीकडे तशाच राहिल्या.

आता तार. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियमवर हल्ला केला, हॉलंड तटस्थ राहिला. ऑक्टोबरात अँटवर्प पडलं आणि दहा लाखांच्या आसपास बेल्जियन लोक हॉलंडमध्ये पळाले. त्यातले बरेच लवकरच परत गेले पण येजा काही थांबेना. बेल्जियन तरुण हॉलंडमार्गे इंग्लंड आणि तिथून पुन्हा आघाडीवर पोचत होते, पत्रं जात होती, हेर जात होते, आणि जर्मनांना जास्त झोंबत असेल ते म्हणजे त्यांचे स्वतःचे सैनिकही पळून जात होते. पहाऱ्याला माणसं पुरेनात म्हणून १९१५ च्या वसंतात कुंपण घालायला घेतलं. थेट पूर्वेकडच्या टोकापासून समुद्राच्या दिशेने, तीनशे किलोमीटरहून जास्त. तीन ओळी, मधल्या ओळीत साधारण २००० व्होल्ट, बाजूच्या दोन नुसत्या आडोशाला. वीज सीमेजवळच्या कारखान्यांमधून यायची आणि ठराविक अंतरावर स्विचघरं होती, तिथून तेवढाच भाग बंद करता यायचा.

आपल्याकडे रानडुकरांसाठी ऊसाला झटका मशीन लावतात तसं काहीसं असेल असं वाटतं ना, पण तसं अजिबात नाही. झटका मशीन क्षणभराचा फटका देऊन सोडतं, इथे करंट सलग होता, हात चिकटला की संपलं. त्यात त्या भागातल्या कित्येक घरांत तेव्हा विजेचा दिवाही नव्हता. पाटी वाचून धोका कळायला मुळात वीज म्हणजे काय ते माहीत पाहिजे! एकजण चिकटला म्हणून दुसरा ओढायला गेला आणि दोघंही गेले, असंही झालंय. गाई, कुत्री, हरणं यांची तर मोजदादच नाही.

पण ही तार सीमेवर नव्हती. सीमा नागमोडी आहे, ओढ्याने वळते, एखाद्या शेताला वळसा घालते, आणि जर्मनांना तार, खांब, पहारेकरी सगळंच वाचवायचं होतं, म्हणून त्यांनी वळणं कापली आणि तार बेल्जियमच्या आतून ओढली. सगळी तार बेल्जियमच्या जमिनीवर, त्यामुळे तटस्थतेचा भंग झाला असं हॉलंडलाही म्हणता येईना. परिणाम काय, तर सीमा आणि तार यांच्या मधे बेल्जियमचे तुकडे उरले. तिथले लोक बेल्जियनच, पण तारेच्या पलीकडे, गाव एकीकडे आणि शेत दुसरीकडे. ठरलेल्या फाटकातून, पास दाखवून, ठरलेल्या वेळी. भाऊ दिसतोय, पण भेटायचं तर परवानगी. तारेने केलेलं रोजचं काम हे होतं, आणि फलकांवर याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत हे मला खटकतं.

त्याला कारण नाव. आज सगळीकडे 'डोडेनड्राड' चालतं, म्हणजे मृत्यूची तार. आसपासचे लोक साधं 'द ड्राड' म्हणायचे, नुसतं तार, आणि जर्मन कागदोपत्री उच्च दाबाचा अडथळा वगैरे लांबलचक शब्द. मृत्यूची तार म्हटलं की पहिला प्रश्न किती मेले हाच येतो, आणि तिथे दुसरा गुंता. जुन्या लिखाणात दोन-तीन हजार आकडा सर्रास दिसतो, पण गावोगावच्या नोंदी एकेक करून तपासल्यावर तो हजाराच्या आत येतो. त्यातही पहाऱ्याच्या गोळीने मेलेला धरायचा का? पळून जाणारा जर्मन सैनिक धरायचा का? माझ्या मते धरायलाच पाहिजे, तारेला गणवेश कळत नव्हता. आकडा कमी झाला म्हणजे कुणी विषय हलका करतंय असा सूर लागतो, तो मला पटत नाही. मोजून नाव सापडलेला माणूस अंदाजातल्या तिघांपेक्षा जास्त खरा असतो.

पलीकडे नेणाऱ्या वाटाड्यांचंही तसंच. लाकडी घडीची चौकट तारांच्या मधे सरकवून उघडायची, त्यातून माणूस सरपटत काढायचा, किंवा बूड काढलेलं पिंप, किंवा सरळ खालून खड्डा. हे वाटाडे देशभक्त होते की तस्कर? बहुतेक दोन्ही, एकाच रात्री.

मठाची कथा वेगळीच, त्याच्या आवारातूनच सीमा जाते. साधू १९१४ मध्येच निघून गेले होते, १९१७ मध्ये जर्मनांनी तिथली ब्रुअरी मोडून ७०० किलोच्या आसपास तांबं नेलं. बिअर पुन्हा सुरू झाली ती थेट १९९८ मध्ये, आणि नंतर परतलेल्या साधूंचा मठही रिकामा होऊन शेवटचे साधू गेल्यावर २०२१ मध्ये ट्रॅपिस्टचा शिक्काही गेला, म्हणजे बिअर ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात साधूंच्या देखरेखीखाली बनते याची खूण.

नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि तार भराभर नाहीशी झाली. खांब आणि तारा शेतकऱ्यांनी कुरणांना वापरल्या, म्हणून आज जे दिसतं ते नव्याने उभारलेलं आहे. दुसऱ्या युद्धात मे १९४० ला जर्मनी दोन्ही देशांत घुसली, मग इथे अडवायचं काय उरलं? सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश रणगाडे याच बाजूने व्हाल्केन्सवार्डला पोचले, त्यांची दफनभूमी गावाबाहेर झाडीत आहे. रूटवरून थोडं वाकडं जावं लागतं पण जा.

या सायकलवाटेवर चौकाचौकात दिसणारे नंबर नंतरचे, १९९० च्या दशकातले. बेल्जियमच्या लिंबुर्ग भागात एका खाण-इंजिनियरच्या डोक्यातून निघाले, खाणीतल्या बोगद्यांच्या चौकांना नंबर देतात तसे सायकल रस्त्यांच्या चौकांना. पुढे ते हॉलंडने उचलले, त्यामुळे आता नंबर बघत बघत देश कधी बदलला ते कळतही नाही, फार तर डांबराचा रंग बदलतो.

अपवाद मार्च २०२०. कोविडमध्ये बेल्जियमने सीमा बंद केली आणि छोट्या रस्त्यांवर काँक्रीटचे ठोकळे, कंटेनर असं काय काय आडवं टाकलं, सायकलवाले परत फिरले. या वेळी अडथळे सीमा धरून होते, वळणं कापली नव्हती.