थीम पार्कमधील भावी आकर्षणांच्या अटकळी

चित्रपट-स्टुडिओंकडे असलेली पात्रे, कथा, जमिनी आणि करार यांचा माग काढून एखाद्या थीम पार्कमध्ये पुढे कोणती राइड किंवा कोणता विभाग उभा राहील, याविषयी आधीच बांधला जाणारा तर्क. हौशी जाणकार, शेअर बाजाराचे विश्लेषक, स्थानिक पत्रकार आणि आसपासच्या जमिनींचे दलाल असे सगळेच हे तर्क बांधत असतात. मराठीत ‘मालमत्ता’ म्हटले की घर-जमीन डोळ्यांपुढे येते; या व्यवसायात मात्र त्या एका शब्दात दोन गोष्टी नांदतात. पहिली म्हणजे स्टुडिओची जागा: चित्रीकरणाचे फ्लोअर, बाहेरचे कायमचे सेट, मोकळे आवार. दुसरी म्हणजे हक्क: एखादे पात्र कोणत्या प्रदेशात, कोणत्या स्वरूपात आणि किती काळ वापरता येईल याची मुभा. चुकलेल्या अटकळींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते, ती म्हणजे ज्याचा चित्रपट त्याचीच राइड. ही समजूत वारंवार खोटी ठरली आहे. म्हणून या नोंदीत चित्रपटांच्या लोकप्रियतेपेक्षा करारांना जास्त जागा दिली आहे.

उगमाविषयीचे मतभेद : आधी चित्रपट आणि मग त्यावरून राइड, हा क्रम आज गृहीत धरला जातो. इतिहासात तो प्रथम उलटाच दिसतो. १९०१ साली अमेरिकेतील बफेलो येथे भरलेल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसनने ‘अ ट्रिप टू द मून’ नावाचे आकर्षण मांडले. तिकीट ५० सेंट, म्हणजे तिथल्या इतर खेळांच्या जवळपास दुप्पट. प्रेक्षक पंख फडफडवणाऱ्या ‘लूना’ नावाच्या यानात बसत, रंगवलेल्या पडद्यांवर खाली नायगारा आणि मग साऱ्या पृथ्वीचा गोल दूर जाताना दिसे, मध्येच वादळ होई आणि यान चंद्रावर ‘उतरे’. तिथल्या गुहेत चंद्रवासी पाहुण्यांना हिरव्या चीजचे तुकडे देत. पुढे हे आकर्षण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर गेले आणि १९०३ मध्ये तिथे उघडलेल्या लूना पार्कचा मुख्य भाग बनले. या बागेचे नाव यानावरून पडले की थॉम्पसनचा भागीदार एल्मर डंडी याच्या लूना नावाच्या बहिणीवरून, यावरही दोन मते आहेत. यानाचे नाव बागेच्या आधीपासून लोकांना ठाऊक होते, त्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

१९०२ मध्ये पॅरिसला जॉर्ज मेलिएसने चंद्रप्रवासाचा आपला प्रसिद्ध मूकपट काढला. त्याने थॉम्पसनच्या खेळावरून कल्पना उचलली असावी, असे काही चित्रपट-इतिहासकार सुचवतात. परंतु ज्यूल व्हर्नची कादंबरी, एच. जी. वेल्सची त्याच सुमाराची कादंबरी आणि ऑफेनबाखची १८७५ ची संगीतिका ही सामग्री दोघांच्याही हाताशी होती. समान उगमातून दोन्ही निपजले, हे स्पष्टीकरण सरळ आहे आणि तेच येथे स्वीकारले आहे.

चित्रपट प्रत्यक्ष वापरणारे पहिले आकर्षण म्हणून कॅन्सस सिटीचे अग्निशमन प्रमुख जॉर्ज हेल यांच्या ‘हेल्स टूर्स’चे नाव घेतात. रेल्वेच्या डब्यात प्रेक्षक बसत, समोर धावत्या इंजिनावरून टिपलेली दृश्ये दिसत आणि डबा हलवला जाई. जुने संदर्भग्रंथ याचा आरंभ १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात मानतात. १९०५ मधील कॅन्सस सिटीच्या इलेक्ट्रिक पार्कमधील प्रयोगांचा पुरावा त्याहून भक्कम आहे.

‘पहिले थीम पार्क कोणते’ हा वाद व्याख्येचा आहे. कोपनहेगनचे तिवोली (१८४३), कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्मवर १९४० पासून उभारलेले जुने गाव, इंडियानातील सांताक्लॉज लँड (१९४६) आणि अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड (१७ जुलै १९५५) असे चार दावेदार सांगितले जातात. स्टुडिओने स्वतःच्या कथा बागेत उतरवणे ही कसोटी लावली तर मान डिस्नेलँडकडे जातो. पीटर पॅन आणि स्नो व्हाइट यांच्या राइड्स तिथे पहिल्या दिवसापासून होत्या. स्टुडिओची जागा तिकीट लावून दाखवणे ही कसोटी धरली तर युनिव्हर्सल चाळीस वर्षे पुढे आहे. तिचा संस्थापक कार्ल लेमली याने १९१५ मध्ये युनिव्हर्सल सिटी उघडली, तेव्हा २५ सेंट देऊन लोकांना बाकांवर बसून चित्रीकरण पाहता येई. बोलपट आल्यावर सेटवर शांतता लागू लागली आणि ही प्रथा बंद पडली. १९६४ मध्ये ट्रॅमगाड्यांतून ती नव्याने सुरू झाली.

जमिनीवरून बांधलेल्या अटकळी : स्टुडिओची जागा विकली जाणार की दाखवली जाणार, हा प्रश्न १९६० च्या दशकात हॉलिवूडपुढे ठाकला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आपल्या आवाराचा मोठा भाग विकला. तिथे आज सेंच्युरी सिटीच्या टोलेजंग इमारती आहेत. एमजीएमने १९७० मध्ये पोशाख आणि सामानाचा लिलाव केला. त्यात ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ चित्रपटातील लाल चमकत्या बुटांचा एक प्रसिद्ध जोड १५,००० डॉलरला गेला. युनिव्हर्सलने आवार राखले आणि ते दाखवायला काढले, हा निर्णय त्या काळात मुळीच उघड नव्हता. आपल्याकडे चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ च्या आगीनंतर बांधकाम व्यावसायिकांकडे गेला, तो पहिल्या वाटेने. हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी (१९९६) मात्र चित्रीकरण आणि पर्यटन हातात हात घालून चालावे याच बेताने उभारलेली.

जमिनीवरून बांधलेली सर्वांत गाजलेली अटकळ फ्लोरिडातली. १९६४ पासून ऑर्लँडोच्या नैर्ऋत्येला कुणी अज्ञात ग्राहक दलदलीच्या जमिनी विकत घेत होता. खरेदीदार कंपन्यांची नावे निरनिराळी होती. त्यांतले ‘आयफोर’ हे नाव तर जवळच्या महामार्ग क्रमांक आय-४ चा उच्चार होता. कुणी फोर्डचे नाव घेई, कुणी विमान बनवणाऱ्या कंपन्यांचे. ‘ऑर्लँडो सेंटिनेल’च्या पत्रकार एमिली बवार डिस्नेलँडच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त कॅलिफोर्नियात गेल्या होत्या. तिथे त्यांनी वॉल्ट डिस्नेंना थेट विचारले. डिस्नेंनी इन्कार केला, पण कारणे सांगताना मध्य फ्लोरिडाचे हवामान आणि पाऊसपाणी यांची इतकी बारीक माहिती दिली की बवार यांना उत्तर मिळाले. २४ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांच्या दैनिकाने रहस्यमय उद्योग म्हणजे डिस्नेच असे छापले, आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरांनी दुजोरा दिला. तोवर सुमारे २७,००० एकर जमीन सुमारे ५० लाख डॉलरमध्ये हाती आली होती. बातमी फुटताच उरलेल्या तुकड्यांचे भाव कडाडले. कंपन्या आजही खरेदी आणि परवाने अनोळखी नावांनी घेतात, त्याचे कारण या घटनेत आहे.

करार व हक्क : या विषयाचा गाभा येथे आहे. २२ मार्च १९९४ रोजी युनिव्हर्सलची तेव्हाची मालक एमसीए आणि मार्व्हल यांच्यात करार झाला आणि त्याच्या आधारे १९९९ मध्ये ऑर्लँडोच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या बागेत मार्व्हलचा विभाग उघडला. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, डिस्नेने मार्व्हल कंपनीच सुमारे ४ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. आता स्पायडरमॅन डिस्नेच्या बागेत येणार, अशा वावड्या तेव्हा जोरात उठल्या. ज्यांनी करार वाचला होता त्यांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही.

अमेरिकी रोखे-नियामकाकडे दाखल झाल्यामुळे हा करार कुणालाही वाचता येतो, आणि तो वाचायलाच हवा असा आहे. त्यात मिसिसिपी नदी ही सीमा धरली आहे. नदीच्या पूर्वेला, युनिव्हर्सल जी पात्रे वापरते ती आणि त्यांच्या ‘कुटुंबातली’ पात्रे दुसऱ्या थीम पार्कला वापरता येत नाहीत. कुटुंब म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स, एक्स-मेन, फँटॅस्टिक फोर असे गट. पश्चिमेला निर्बंध सैल आहेत, पण आकर्षणाच्या नावात आणि जाहिरातीत ‘मार्व्हल’ हा शब्द वापरण्यावर तिथेही बंधन आहे. युनिव्हर्सल आकर्षणे चालू ठेवून ठरलेले शुल्क भरत राहील तोवर हा हक्क संपत नाही. या तरतुदींवरून पुढची वीस वर्षे बरीचशी आधी सांगता आली असती. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ हा गट युनिव्हर्सल वापरत नव्हते. म्हणून त्यावरची राइड २०२२ मध्ये फ्लोरिडात, डिस्नेच्या एपकॉटमध्ये होऊ शकली, आणि तिच्या नावात ‘मार्व्हल’ नाही. अ‍ॅव्हेंजर्सचा विभाग (२०२१) मात्र कॅलिफोर्नियात झाला, तोही ‘अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस’ या नावाने. जपानमध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सलमधील स्पायडरमॅनची राइड जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ऑर्लँडोतील चालूच आहे.

मालकी नसतानाही मुभा मिळते, याची उदाहरणे कमी नाहीत. लुकासफिल्म डिस्नेकडे आली २०१२ मध्ये, पण तिच्या अंतराळकथेवरची ‘स्टार टूर्स’ डिस्नेलँडमध्ये १९८७ पासून चालू होती. फॉक्सच्या ‘अवतार’वरील पँडोरा विभाग डिस्नेने २०१७ मध्ये उघडला, फॉक्सची खरेदी २०१९ मध्ये पूर्ण झाली. हॅरी पॉटरचे चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचे. ऑर्लँडोत त्यावरचा विभाग २०१० मध्ये उघडला तो प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने.

उलट बाजूला, मुभा गेली की काय उरते तेही पाहण्यासारखे आहे. पॅरामाउंटच्या नावाच्या बागा २००६ मध्ये सीडर फेअर या बागा चालवणाऱ्या कंपनीने घेतल्यावर चित्रपटांची नावे उतरवावी लागली. लोखंडी सांगाडा तोच राहिला, पाट्या बदलल्या: ‘टॉप गन’ झाली ‘फ्लाइट डेक’, ‘द इटालियन जॉब’ झाली ‘बॅकलॉट स्टंट कोस्टर’. मलेशियात गेंटिंग येथे फॉक्सच्या नावाची आख्खी बाग बांधली जात होती. करार मोडला, २०१८ मध्ये गेंटिंग कंपनीने फॉक्सवर दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि २०२२ मध्ये बाग ‘स्कायवर्ल्ड्स’ नावाने उघडली. इंग्लंडमध्ये स्वॉन्सकोम येथे २०१२ पासून पॅरामाउंटच्या नावाची बाग चर्चेत होती. तिथे करारांची ये-जा झालीच, पण प्रकल्प अडला तो जमिनीच्या प्रश्नावर: २०२१ मध्ये त्या भागाला जैविक महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र ठरवण्यात आले, आणि तिथे आढळणाऱ्या जीवांत एक दुर्मीळ उड्या मारणारा कोळी होता. २०२२ मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेतला गेला.

खुणा व त्यांची विश्वासार्हता : बांधकाम परवाने, पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे, व्यापारचिन्हांचे अर्ज, पेटंट आणि जुन्या राइड्स बंद होण्याच्या सूचना, ही नेहमीची साधने. यांत पेटंट सर्वांत फसवे, कारण कंपन्या कल्पना राखून ठेवण्यासाठीही ते घेतात. परवान्यावर पात्राचे नाव नसते, मात्र इमारतीची उंची आणि पाया असतो, त्यावरून राइडचा प्रकार ताडता येतो. बंद होणारी राइड ही चांगली खूण आहे. ऑर्लँडोतील ‘जॉज’ २ जानेवारी २०१२ रोजी बंद झाली तेव्हा तिथे हॅरी पॉटरचा दुसरा विभाग येणार हा तर्क लगेच निघाला. अधिकृत घोषणेला मे २०१३ उजाडला आणि विभाग जुलै २०१४ मध्ये उघडला. कंपनीने मेळाव्यांत दाखवलेली रंगीत कल्पनाचित्रे मात्र वचन मानू नयेत. डिस्नेने २०२२ मध्ये खलनायकांच्या विभागाची केवळ कल्पना म्हणून वाच्यता केली आणि २०२४ मध्ये तो पक्का जाहीर केला, पण सर्वच चित्रांना असे भाग्य लाभत नाही.

भारतीय संदर्भ : खोपोलीजवळच्या इमॅजिका या बागेत (२०१३) ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरील राइड आहे. तिथली इतर बरीच आकर्षणे अलीबाबासारख्या लोककथांवर किंवा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरसारख्या विषयांवर बेतलेली आहेत, त्यांना कुणाची मुभा लागत नाही. दुबईत २०१६ मध्ये उघडलेल्या बॉलिवूड पार्कमध्ये ‘शोले’, ‘लगान’, ‘डॉन’, ‘क्रिश’, ‘दबंग’ अशा निरनिराळ्या निर्मात्यांच्या चित्रपटांवरची आकर्षणे होती. ती बाग २०२३ मध्ये बंद झाली. हिंदी आणि मराठी चित्रपटांचे हक्क एका मोठ्या स्टुडिओकडे एकवटलेले नसून निर्मात्यांच्या घराण्यांत आणि संस्थांत विखुरलेले असतात. हॉलिवूडच्या मोजपट्टीने इथे अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

बेडफर्डविषयीचे चालू तर्क : इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळच्या केम्पस्टन हार्डविक येथे जुन्या वीटभट्ट्यांची जमीन युनिव्हर्सलने घेतल्याचे २०२३ च्या अखेरीस कळले. एप्रिल २०२५ मध्ये बाग जाहीर झाली: ४७६ एकर, २०३१ मध्ये उघडण्याचा बेत. तेव्हापासून जेम्स बाँड, पॅडिंग्टन आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही नावे घेतली जात आहेत. शेवटच्या नावासाठी अनेक जण वॉर्नरकडे पाहतात, कारण चित्रपट त्यांनी वितरित केले. परंतु टॉल्किनच्या त्या कथांचे थीम पार्कविषयक हक्क मिडल-अर्थ एंटरप्रायझेसकडे आहेत, आणि ती कंपनी २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुप या व्हिडिओ गेमच्या समूहाने विकत घेतली. या तर्काची खरी परीक्षा व्हायची असेल तर ती स्टॉकहोमच्या शेअर बाजाराला दिल्या जाणाऱ्या निवेदनांत होईल.