दुकानफलक नियमन, कोल्हापूर

दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे यांच्या दर्शनी नामफलकांची जागा, उंची, प्रकाशयोजना व लिपी यांविषयीची नियमव्यवस्था. कोल्हापुरात ती एका संहितेत सापडत नाही. महानगरपालिका व कामगार कायद्यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

शहरातील रंगीत पाट्यांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थिरावला असावा. त्याचे श्रेय बहुधा चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना दिले जाते. तथापि आनंदराव व बाबूराव पेंटर हे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या (सु. १९१८) आधीच नाटकांचे पडदे रंगवीत होते, त्यामुळे या कलेचे मूळ रंगभूमीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

कोल्हापूर नगरपालिकेची १९७२ मध्ये महानगरपालिका झाली आणि १९४९ चा महानगरपालिका अधिनियम येथे लागू झाला. त्यातील कलम २४४ ‘आकाशचिन्हां’विषयी, तर २४५ जाहिरातींविषयी आहे. आकाशचिन्ह ठरण्याची कसोटी चमत्कारिक आहे : खांब, सांगाडा अशा आधारावरचा फलक रस्त्यावरील कोणत्याही एका ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसला पाहिजे. कठड्याला घट्ट बसवलेली, सलग पृष्ठभागाची व मर्यादेपेक्षा वर न जाणारी पाटी यातून वगळली आहे. म्हणजे त्याच मजकुराचा फलक गच्चीवर लोखंडी सांगाड्यात चढवला की कलम बदलते. शिवाय ज्या जागेत धंदा चालतो तिथेच लावलेल्या, त्याच धंद्याच्या फलकाला २४५ खाली परवानगी लागत नाही, पण तो दिव्यांनी उजळलेला नसेल तरच. रंगवलेल्या पत्र्याच्या पाटीला ही सवलत सहज मिळे. ग्लो साइन व एलईडी अक्षरांना ती मिळत नाही. अलीकडच्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे, लिपीत नव्हे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

महाद्वार रोड परिसरात उंचीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याची तिरपी किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, आणि त्या मार्गातील बांधकामांचे अडथळे हा जुना विषय आहे.

राज्य शासनाने आकाशचिन्हे व जाहिरातींविषयीचे २००३ चे नियम बदलून २०२२ मध्ये नवे नियम केले. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी महाकाय फलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडल्यानंतर होर्डिंगच्या संरचनात्मक तपासणीवर भर आला. दुकानावरील पाट्या त्या चर्चेत मागेच राहिल्या.

लिपीविषयक तरतूद दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ च्या दुरुस्तीने आली (कलम ३६क). फलक देवनागरीत मराठीत असावा, अन्य भाषेची अक्षरे मराठीपेक्षा मोठी नसावीत. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही तीत आली. राजारामपुरी किंवा गुजरीसारख्या बाजारपेठांच्या दृष्टीने हा विस्तार महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देण्यास त्याच दुरुस्तीने मनाई केली.

जाहिरातकराचा विषय १०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) राज्यसूचीतून वगळला गेला. परवाना शुल्क ही त्याहून निराळी आकारणी होय.