बेसबॉलचे होमरन विक्रम आणि स्टेरॉइडचा संशय

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये करिअरमधल्या एकूण होमरनचा विक्रम म्हणजे सगळ्यात मानाचा आकडा (बॉल थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सरच म्हणा), आणि तो आज ज्याच्या नावावर आहे त्या बॅरी बाँड्सवर निम्म्या लोकांचा विश्वासच नाही.

बेब रूथ 714 वर थांबला. हँक आरनने 8 एप्रिल 1974 ला अटलांटात 715वा मारला आणि पुढे 755 पर्यंत गेला, तेही गोऱ्या हीरोचा विक्रम एक काळा माणूस मोडतोय म्हणून आलेली जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं सोसत. लोक 755 ला एवढं जपतात ते यासाठी.

1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीजसुद्धा रद्द झाली, प्रेक्षक वैतागले, आणि मग 1998 मध्ये मार्क मॅग्वायरने 70 तर सॅमी सोसाने 66 होमरन ठोकले तेव्हा सगळा देश परत टीव्हीसमोर बसला. त्याच सीझनला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोनची (शरीरात स्टेरॉइडसारखं काम करणाऱ्या गोळ्यांची) बाटली पत्रकाराला दिसली होती, पण ते तेव्हा दुकानात सरळ मिळायचं आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदीही नव्हती, त्यामुळे कुणी फार ताणलं नाही. स्टेरॉइड घेतल्याची कबुली त्याने दिली ती 2010 मध्ये. टेस्टमध्ये सापडलं तर शिक्षा हा नियम 2004 पासूनचा, म्हणजे ऐन भराच्या काळात मोजायला काही साधनच नव्हतं आणि त्या पिढीत जे खरंच स्वच्छ खेळले त्यांना ते सिद्धही करता येत नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

बाँड्सने 2001 मध्ये एका सीझनला 73 मारले. 2003 मध्ये खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को लॅबचं प्रकरण बाहेर आलं, त्यात बाँड्सचंही नाव होतं, पण त्याचं म्हणणं की आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही. 7 ऑगस्ट 2007 ला त्याने 756वा मारला तेव्हा स्क्रीनवर आरनचा अभिनंदनाचा व्हिडिओ लागला. तो बॉल फॅशन डिझायनर मार्क एकोने साडेसात लाख डॉलरला घेतला, नेटवर मतदान घेतलं आणि लोकांनी सांगितल्याप्रमाणे त्यावर चांदणीचं चिन्ह (*, म्हणजे हा विक्रम संशयास्पद) कोरून कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या संग्रहालयाला, दिला. रेकॉर्डबुकात मात्र बाँड्सच्या एकूण 762 होमरनपुढे असलं काही चिन्ह नाही. 2011 मध्ये बाल्को प्रकरणातल्या साक्षीवरून न्यायात अडथळा आणल्याचा एकच आरोप त्याच्यावर शाबीत झाला, तोही 2015 ला अपिलात उडाला.

तरी हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. तिथे जायला बेसबॉल पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात, 2022 मध्ये या मतदानातल्या त्याच्या दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी त्याला 66 टक्के मिळाली. आणि हे सगळं ज्यांच्या कमिशनरपदाच्या (म्हणजे लीगप्रमुखपदाच्या) काळात घडलं ते बड सेलिग 2017 मध्ये त्याच हॉलमध्ये सन्मानाने गेले, हा सरळसरळ अन्याय आहे, कारण भरलेल्या स्टेडियमचा पैसा लीगने आणि मालकांनीही घेतलाच होता.