खान्देशात ‘केस मिळणे’: नेत्रशिक्षणाची पार्श्वभूमी

नेत्ररोग विभागात एमएस (शस्त्रक्रियेतली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या तोंडी एक वाक्य सारखे येते: “मला अजून केस मिळाली नाही.” सकाळपासून ओपीडीत ढीगभर डोळे तपासून झालेले असतात, तरी केस मिळालेली नसते. या बोलीत केस म्हणजे मोतीबिंदूचे पूर्ण ऑपरेशन, पहिल्या छेदापासून कृत्रिम भिंग बसवेपर्यंत, स्वतःच्या हाताने. धुळे-जळगावात डोळ्यांचा डॉक्टर कसा घडतो हे समजायचे तर एकाच प्रश्नाचा माग काढावा लागतो: शिकणाऱ्याच्या हाती डोळा केव्हा द्यायचा, आणि कोणाचा?

डोळ्याची शस्त्रक्रिया शिकवणे इतर शस्त्रक्रियांपेक्षा अवघड का, हे आधी सांगायला हवे. पोटाच्या ऑपरेशनमध्ये गुरूचा हात शिष्याच्या हाताशेजारी राहू शकतो. डोळ्याच्या बुबुळाची रुंदी जेमतेम ११-१२ मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे एकाच माणसाचे हात मावतात. भिंगाच्या मागचे आवरण काही मायक्रॉन जाडीचे असते. ते फाटले की मागचा द्रव पुढे येतो आणि सोपी केस अवघड होऊन बसते. शिवाय रुग्ण जागा असतो. फक्त डोळा बधिर केलेला, कान शाबूत. त्यामुळे शिकवणाऱ्याला ओरडताही येत नाही. हळू आवाजात “थांब, मी बघतो” एवढेच.

या विषयाचे स्वतंत्र शिक्षण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभे राहिले. व्हिएन्नात गेओर्ग बेअर याला १८१२ मध्ये नेत्रशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. लंडनचे मूरफील्ड्स हे नेत्र रुग्णालय १८०५ मध्ये निघाले, कारण इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेले सैनिक खुपऱ्यांनी (ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाने) बेजार झाले होते. खुपऱ्या हा शब्द खान्देशातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. धूळ, माशा, पाण्याची टंचाई आणि एकाच फडक्याने पुसलेली सगळ्या पोरांची तोंडे, यांतून तो आजार पसरत असे. देशात १९६३ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला आणि १९७६ मध्ये त्याला अंधत्व नियंत्रणाच्या व्यापक कार्यक्रमाचे रूप आले.

भारतात मद्रासचे नेत्र रुग्णालय १८१९ चे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो जालंधरचा किस्सा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हेन्री स्मिथ हा सरकारी सर्जन आवरणासकट मोतीबिंदू काढायचा, आणि ती पद्धत शिकायला थेट अमेरिकेतून डॉक्टर यायचे. पंजाबातल्या गरीब शेतकऱ्यांच्या डोळ्यांवर हात बसवायचा आणि परत जायचे. त्याच अमेरिकेत १९१६ मध्ये डॉक्टरांची परीक्षा घेणारे पहिले विशेषज्ञ मंडळ स्थापन झाले, तेही नेत्ररोगाचेच. शिकणाऱ्याला केस मिळते तेव्हा समोर कोणीतरी बहुधा गरीब माणूस टेबलावर असतो, ही गोष्ट या शिक्षणात तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे. ती विसरून या विषयावर बोलू नये, असे मला मनापासून वाटते.

खान्देशाला मात्र फार काळ या सगळ्यात फक्त रुग्ण पुरवण्याचे काम होते. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, सरकारी दवाखाने होते, पण डॉक्टर व्हायचे तर मुंबई किंवा पुणे गाठायचे. रुग्णही तसेच: नंदुरबारकडचे तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेला, भुसावळकडचे मुंबईला. जे शिकून परतले त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर ‘डी.ओ.एम.एस.’ ही अक्षरे असत. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ही नेत्ररोगाची पदविका. तालुक्याच्या गावाला डोळ्यांचा डॉक्टर मिळाला तो पुष्कळदा तिच्यामुळेच.

बाकीच्यांसाठी शिबिर. शाळेचे वर्ग रिकामे करून बाकांवर गाद्या, ओळीने ऑपरेशने, आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा. पन्नाशीच्या माणसाला आजोबांचा तो चष्मा आठवत असेल, ज्यातून डोळे दुप्पट मोठे दिसायचे. डोळ्यातले भिंग काढून टाकलेले, म्हणून साधारण दहा नंबरचा चष्मा लागे; तो फुटला की आजोबा पुन्हा आंधळे. शिबिरांत तरुण डॉक्टरांचे हात भराभर बसले हे खरे. पण गर्दीत निर्जंतुकीकरण ढिले पडे, आणि एका डोळ्यातला संसर्ग रांगेतल्या पुढच्या डोळ्यांत जाण्याची भीती असे.

बदल दोन बाजूंनी आला. धुळ्यात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आज ते भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प निघाला, त्यात महाराष्ट्र होता. कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच बसवले होते. आपल्या सरकारी रुग्णालयांत ते सर्रास व्हायला चार-पाच दशके लागली. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आले, आणि वर्षानुवर्षे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. त्यांच्यातल्या कित्येकांनी पन्नाशीत नव्याने टाके घालायला शिकून घेतले, याचा मला फार आदर वाटतो. शाळेतली ऑपरेशने मागे पडली. गावात तपासणी, ऑपरेशन रुग्णालयात, अशी रीत पडली. केस मिळण्याची जागा शिबिरातून ऑपरेशन थिएटरमध्ये आली.

आता एमबीबीएसनंतर तीन वर्षे. आधी चष्म्याचा नंबर काढणे, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) बसणे, डोळ्याचा दाब मोजणे, बकऱ्याच्या डोळ्यांवर टाके. मग अनेक ठिकाणी ऑपरेशन उलट्या क्रमाने शिकवतात: तयार डोळ्यात फक्त भिंग सरकवायचे, नंतर त्याच्या आधीची पायरी, मग तिच्याही आधीची. सगळ्या पायऱ्या जमल्या की पूर्ण केस. इथे सातपुड्यातून येणारे मोतीबिंदू पुष्कळदा पिकून तपकिरी, कडक झालेले असतात. म्हणून मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेणाऱ्या फेको मशीनबरोबर लहान छेदाची हाताने करायची पद्धतही पक्की यावी लागते. माझ्या मते ती आधी यावी.

बाहेरगावहून आलेल्या निवासी डॉक्टरला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती कुठल्या अभ्यासक्रमात नाही. “डोयामा कचरा गया” (डोळ्यात कचरा गेला) हे अहिराणी वाक्य कानावर पडले की पुढचा प्रश्न विचारायचा: कशाचा कचरा? दादरची (रब्बी ज्वारीची) पात, पऱ्हाटीची (कपाशीची) काडी असे उत्तर आले तर बुबुळावर बुरशीची जखम असू शकते. तिथे मेडिकलवाल्याने दिलेले, बुरशीला वाढू देणारे स्टिरॉइडचे थेंब आधीच घातले गेले असतील तर घात झालेला असतो. जखम हळूच खरवडून काचेवर घ्यायची, केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधायचे. उशीर झाला तर डोळ्यात कायमचे फूल, म्हणजे पांढरा डाग, पडते.

दोन वर्षांच्या पदविकेच्या जागा महाविद्यालयांतून जवळपास संपल्या, त्यांचे पदव्युत्तर पदवीच्या जागांत रूपांतर झाले; २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरची पदविका पुन्हा सुरू केली. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी महाविद्यालये झाली. त्याच सुमारास नियम आला की प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे. जिथून रुग्ण सुरतेची गाडी धरत, तिथे आता शिकणारा डॉक्टर पाठवता येतो. त्या तीन महिन्यांत त्याच्याजवळ अनुभवी सर्जन आणि चालू सूक्ष्मदर्शक असेल, तरच सातपुड्यातल्या धडगावहून आलेल्या आजीचा डोळा त्याच्या हाती द्यावा.